दारूत घातलेले पैसे

मी पैसे दारूत घातले, असं आमच्या भावकीत अजूनही सांगतात. त्यात चूक काही नाही. वाइन ही दारूच आहे आणि माझे पैसे मी तिच्यातच घातले. पण ते सांगताना लोक आवाज खाली आणतात, घरातून कुणी पळून गेल्याचं सांगताना आणतात तसा. म्हणून एकदा मीच मोठ्यानं सांगते.

कराडजवळच्या एमआयडीसीत फळांचा रस आणि गर डबाबंद करणारी एक कंपनी होती. तिथली प्रयोगशाळा माझ्याकडं होती. आंब्याचा गर, पेरूचा रस, स्ट्रॉबेरीचा पाक, सगळं आधी माझ्या टेबलावर यायचं. आंबटपणा किती, साखर किती, कुठं आंबायला लागलंय का, हे मी तपासायची आणि शेवटी चमचाभर चाखायची. या नोकरीवर मी मलकापुरात छोटा फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं लोकांनी पंचेचाळिशीनंतर बंद केलं, तेव्हा मला हलकं वाटलं.

कोरोनाच्या टाळेबंदीत हॉटेलं बंद, लग्नाचे हॉल बंद. आमचा माल गोदामात पडून राहिला. कंपनी काही महिने अर्ध्या पगारावर चालली, मग मालकांनी कुलूप लावलं. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे मात्र त्यांनी वेळेवर दिले. एवढी मोठी रक्कम एकदम माझ्या खात्यात कधीच आली नव्हती, आणि पुढं पगार येणार नव्हता.

माझा धाकटा भाऊ फलटणला साखर कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं लगेच फोन केला. गावाबाहेर एक प्लॉट स्वस्तात निघाला होता, मंदीत घेऊन ठेव म्हणाला. प्लॉट नको असेल तर सोनं घे, तेही नको असेल तर बँकेत ठेव आणि गप्प बस. तो काळजीनंच बोलत होता. पण तो बोलत होता ते सगळं जणू ठरूनच गेलं होतं. माझं काय म्हणणं आहे, हे काही त्यानं विचारलं नाही.

त्याच सुमाराला पलूसकडच्या एका माणसाचा फोन आला. त्याची द्राक्षबाग होती आणि बागेतच छोटी वायनरी होती. त्याच्याकडचं यंत्र बिघडलं की तो नमुने घेऊन आमच्या प्रयोगशाळेत यायचा, तेवढीच ओळख. मी त्याला दादा म्हणायची, तो मला ताई. त्याच्याकडचा तपासणीचा माणूस टाळेबंदीत गावी गेला तो परत आलाच नव्हता. "ताई, एकदा येऊन बघून जावा. सगळा माल काढून टाकायचाय," तो म्हणाला.

मी स्कूटीवरून गेले. रस्ते मोकळे होते, ताकारीपर्यंत जेमतेम दोन-चार गाड्या भेटल्या. वायनरीत पोचले तर दादा एकटाच होता. त्यानं सगळं सरळ सांगितलं. हॉटेलं बंद असल्यामुळं बाटल्या खपत नव्हत्या, पांढरी वाइन टाकीतच उतरायला लागली होती आणि पुढच्या हंगामासाठी जागा हवी होती. एका डिस्टिलरीवाल्यानं सगळी वाइन उकळून दारू काढण्यासाठी मागितली होती, मातीमोल भावानं. किती टक्के अल्कोहोल आहे तेवढं तपासून हवं होतं.

मी तपासलं. पांढरीत काही राम राहिला नव्हता. मग तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथं लाकडी पिंपं आडवी रचून ठेवली होती, फ्रान्सहून आणलेल्या ओक लाकडाची. चांगलं वर्ष आलं तेव्हा मोठ्या हौसेनं त्यानं ती घेतली होती. आत त्याच्या स्वतःच्या बागेतल्या काळ्या द्राक्षांची तांबडी वाइन होती. तिचा नमुना काढून त्यानं काचेच्या पेल्यात दिला.

तोवर मी वाइन कामापुरतीच चाखली होती आणि थुंकली होती. ही आधी तोंड आवळणारी लागली, जांभूळ खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते तशी. पण मग तो आवळ सुटला आणि तोंडात काहीतरी पसरत राहिलं. जांभूळ होतं, थोडा कात होता, कुठं तरी लाकडाचा धूर. घोट गिळल्यावरही ते जात नव्हतं. आयुष्यभर मी हजारो नमुने चाखले, पण वेळ गेला तसा सुधारणारा एकही नव्हता. आमच्या कंपनीतलं सगळं बाहेर आल्या क्षणापासून खराब व्हायला सुरुवात व्हायची, आणि ते जरा उशिरा व्हावं एवढंच माझं काम होतं.

"ही पण उकळणार?" मी विचारलं.

"उकळायचीच. ठेवून काय करू?"

"आणखी ठेवली तर काय होईल?"

तो पिंपावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, "दोन-तीन वर्षं ठेवली तर लय भारी हुईल. पर तवर मी काय खाऊ?"

मी घरी आले. मला राग आला होता. कंपनी बंद झाली तेव्हा नाही आला, तो त्या दिवशी आला. जे चांगलं झालंय आणि अजून चांगलं होणार आहे, ते केवळ थांबायची ताकद नाही म्हणून उकळून टाकायचं, हे मला सहन होत नव्हतं. थांबायची ताकद माझ्याकडं होती. खात्यात पडून होती.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि दादाला म्हटलं, पांढरी दे उकळायला, तांबडी ठेव. तिचे तुला आत्ता जे मिळणार होते त्यापेक्षा जास्त मी देते. वाइन तुझ्याच लायसनवर, तुझ्याच खोलीत राहील. दर महिन्याला मी येऊन तपासेन. विकायची कधी ते दोघांनी मिळून ठरवायचं आणि आलेल्या पैशात निम्मा-निम्मा वाटा घ्यायचा. तो म्हणाला, ताई, ह्यात पैसं बुडतात. मी म्हटलं, मला माहीत आहे. कराडच्या वकिलाकडून आम्ही कागद करून घेतला. तो वकीलही दोनदा विचारून मोकळा झाला की नक्की ना मॅडम.

आता आईचं सांगायला हवं. आम्ही माण तालुक्यातले धनगर. आजोबांकडं मेंढरांचा मोठा कळप होता, आता थोडी ज्वारी आणि डाळिंबाची झाडं आहेत. उन्हाळ्यात गावाकडं पाण्याचे हाल होतात म्हणून आई माझ्याकडं येऊन राहायची. ही तीच बाई, जिनं आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान बंद पाडलं. त्यासाठी बायकांचं मतदान होतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीसाठी आई वस्तीवस्तीवर फिरली होती. तिच्या घरात कुणी दारूनं मेलेलं नाही. माझे वडील सुपारीसुद्धा खात नव्हते. पेपरच्या बातमीदारानं तिला विचारलं होतं की तुमच्या घरी कुणी प्यायचं का. तेव्हा ती म्हणाली होती की दळण आणायला जाताना मला त्या दुकानापुढनं मान खाली घालून जावं लागतंय, एवढं पुरं हाय, त्याला घरात मडं कशाला पायजे.

अशा आईला मी जेवताना सांगितलं. लपवून ठेवायचं माझ्या मनातही आलं नाही.

तिनं घास ताटात ठेवला. "दारूत घातलंस पैसं?"

"होय."

मी तिला समजावून सांगायला गेले की ही देशी नव्हे, ही द्राक्षाची, जपून ठेवलेली, चांगली. तिनं मला मध्येच तोडलं. "चांगली आन वाईट माझ्याम्होरं नगं सांगू. दुकान बंद केलं तवा कुटली चांगली म्हनून मी इचारलं नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस. मी विचारलं."

भाऊ आणि भावजय रविवारी आले. आई मला थांबवेल अशी भावाची खात्री होती. तो बराच वेळ बोलला. लोक काय म्हणतील, बाईमाणसानं दारूच्या धंद्यात जायचं का, उद्या आजारी पडलीस तर. आई भिंतीला टेकून ऐकत होती. शेवटी तिनं त्याला गप्प केलं. पैसा तिचा हाय, तिनं कमावलाय, ती घालंल, असं म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "पर हितनं म्होरं मी तुज्या घरी अन्न खानार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहासुद्धा न घेता ती भावाच्या गाडीत बसली. मी तिची पिशवी खाली नेऊन दिली. दोघींपैकी कुणीही रडलं नाही. आमच्यात ती रीत नाही.

नंतर मी गावी जात राहिले. ती मला भाकरी वाढायची, तव्यावरची गरम. मी जेवायची. माझ्याकडं मात्र ती आली नाही. अख्खा उन्हाळा टँकरच्या रांगेत उभी राहिली, पण आली नाही. मीही ये म्हणाले नाही. पैसे काढून घेते, असंही म्हणाले नाही.

वायनरीतली वर्षं सोपी गेली नाहीत. मी मलकापुरात मुलांच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घेऊन घर चालवत होते आणि महिन्यातून एकदा पलूसला जात होते. एका पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढलं, शेजारच्या गावांत घरांत शिरलं. आमची इमारत उंचावर होती म्हणून वाचली, पण तारा तुटल्यामुळं वीज गेली. खोली थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. दादानं रोज दारं-खिडक्यांवर ओली पोती टाकली आणि मिळेल तिथून बर्फ आणून ठेवला. वीज आल्यावर मी प्रत्येक पिंप तपासलं. एकाच्या फळ्यांमधून बारीक गळती होती, वरून हवा आत गेली होती आणि वाइन आंबून तिचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, व्हायला लागला होता. वासावरूनच कळलं.

दादाचं तोंड उतरलं. त्यानं सुचवलं की थोडी थोडी बाकीच्या सगळ्यांत मिसळून टाकू, एवढ्यात कुणाला कळायचं नाही.

"मला कळेल," मी म्हटलं.

"ताई, ह्यात निम्मं नुकसान तुमचंच हाय."

"म्हणूनच माझं ऐक."

ते पिंप आम्ही वेगळं काढलं. दादानं त्याचा सिरकाच होऊ दिला आणि सांगलीतल्या एका लोणचेवाल्याला विकला. भावाला ही गोष्ट कुठून तरी कळली. फोनवर तो म्हणाला, बघ, मी सांगत होतो. मी त्याला म्हटलं, एक गेलं, बाकीची आहेत. सोन्याला भाव आला होता, प्लॉट तर दुसऱ्यानं घेतलाही होता. हे सगळं तो सांगत राहिला आणि मी ऐकत राहिले. मला त्याचा राग येत नव्हता. त्याचा रस्ता बरोबर असेल. मला तो नको होता, इतकंच.

मग हॉटेलं सुरू झाली आणि पुण्याचा एक व्यापारी आला. सगळा माल एकगठ्ठा हवा होता, भाव मात्र मंदीतलाच देत होता. बैठकभर तो दादाशीच बोलला. मी बोलले तर उत्तर दादाला द्यायचा. शेवटी मी सांगितलं की या भावात देणार नाही. तेव्हा कुठं तो माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, मॅडम, वाइन म्हणजे फिक्स डिपॉझिट नव्हे, ठेवून ठेवून मरते ती.

"मरायची असेल तर आमच्याकडं मरेल," मी म्हटलं.

तो गेल्यावर दादानं कबूल केलं की तो एकटा असता तर त्यानं देऊन टाकली असती. मी खरं तर घाबरले होते. पण घाबरले म्हणून विकायची, तर पहिल्याच दिवशी बँकेत ठेवायला काय हरकत होती?

त्याच सुमाराला सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि गावोगावी गदारोळ उठला. आमच्यासारख्यांना ती बातमी चांगली होती. आमच्या तालुक्यातल्या बायकांनी तहसील कचेरीवर मोर्चा काढला आणि पुढं आई होती. मी तिथं नव्हते. झालं ते मला गावातल्या चुलतीनं सांगितलं. मोर्चा कचेरीपाशी थांबल्यावर गर्दीतल्या एका पुढाऱ्यानं आईला सगळ्यांसमोर टोमणा मारला. आजी, आधी घरची बाटली आडवी करा, तुमचीच लेक वाइन विकतीया. बायका आईकडं बघायला लागल्या. चुलतीला वाटलं आई आता खाली बसणार.

आई बसली नाही. ती म्हणाली, "ती इकती, मी आडवती. तिला इचारायचं तर तिच्या घरी जावा, ती तोंडावर सांगंल. तुमी घरात कंची बाटली ठेवलीया आन कुटं पिता, ते बी सांगा की हितं." तो माणूस मागच्या मागं निघून गेला आणि निवेदन आईनंच साहेबांच्या हातात दिलं.

माझ्या वाइनच्या विरोधात काढलेल्या मोर्चात माझी बाजू घेणारी तेवढी एकच होती.

आठवडाभरानं आईचा फोन आला. मला ते ठिकाण बघायचंय, एवढंच म्हणाली. मी गाडी करून तिला घेऊन आले. दहिवडी, विटा करत आम्ही पलूसला पोचलो. वाटेत पावसापाण्याचं बोललो, दुसरं काही नाही.

दादानं तिला नमस्कार केला, खुर्ची दिली. ती बसली नाही. आधी बागेत गेली, वेलींची खोडं हातानं चाचपली, पाणी कुठून येतं ते विचारलं. कामाच्या बायकांना हजेरी किती, हे तिनं दादाला न विचारता त्या बायकांनाच विचारलं. मग मी तिला पिंपांच्या खोलीत नेलं. तिथल्या गारव्यात तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. मी पेल्यात नमुना काढला आणि नुसता तिच्यासमोर धरला, घे म्हणाले नाही. तिनं वाकून वास घेतला.

"जांभळागत वास येतोय," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वास चांगला हाय म्हनून काय दारूचं दूध हुतंय व्हय?"

"नाही होत."

"मग मी आडवनारच."

"आडव की. मी विकणारच."

दादा दाराशी उभा होता, त्याला हसावं की नाही ते कळेना.

परत जाताना उशीर झाला म्हणून मी मलकापूरला थांबायचं म्हटलं. ती जिना चढून वर आली. मी पिठलं-भाकरी केली आणि ताट तिच्यापुढं न ठेवता ओट्यावर ठेवलं, म्हणजे तिला नाही म्हणावं लागू नये. तिनं स्वतःच ते उचललं. मी बघतेय हे तिला दिसलं.

"तुजं पटलं म्हनून न्हाई," ती म्हणाली. "भूक लागलीया."

पुढच्या उन्हाळ्यात ती राहायला आली. मी पलूसला निघाले की ती अजूनही विचारते, चाललीस का दारू बघायला. मी हो म्हणते.

वाइन आम्ही बाटल्यांत भरली, तेव्हा जेवढी भरली तेवढी लगेच विकली नाही. थोडी पुण्याला गेली, थोडी गोव्याला, काही पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांत. उरलेली अजून मुरते आहे. माझे पैसे परत आले, वर काही मिळालं. प्लॉट घेतला असता तर जास्त मिळालं असतं, हे भावानं मला सांगून झालंय. असेलही. आलेल्यातले निम्मे मी पुढच्या हंगामाच्या पिंपांत घातले. त्याला हे कळलं तेव्हा तो फोनवर एकदम भाचीच्या शाळेचं सांगायला लागला. आमचं आता असं बरं चाललंय.

मागच्या हिवाळ्यात दादा आणि मी पाचगणीच्या एका हॉटेलात गेलो होतो. आमची वाइन त्यांच्या मेनूवर आली होती आणि व्यवस्थापकानं जेवायला बोलावलं होतं. वेटरनं दादापुढं पेला ठेवून आमचीच वाइन ओतली, आणि मी काही सांगायच्या आत माझ्यापुढं लिंबू सोडा आणून ठेवला. दादाचा गुरुवार होता. तो गुरुवारी घेत नाही. त्यानं पेला माझ्याकडं सरकवला.

वेटर बिचारा गोंधळला, सॉरी मॅडम म्हणाला. मी म्हटलं, सॉरी कशाला, उभा राहा जरा. मी वास घेतला, घोट घेतला, तोंडात फिरवला. वाइन उत्तम होती, पण त्यांनी ती स्वयंपाकघराशेजारी ठेवलेली असणार, कोमट झाली होती.

"गरम आहे," मी म्हटलं. "परत ने आणि थंड करून आण. आणि आता दोन पेले आणू नकोस. एकच आण, माझ्यापुढं ठेव."